पिंगळ्याचा दुसरा डोळा

नंदुरबारात माझं चष्म्याचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकं मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे पहिली पाच वर्षं मी प्रामाणिकपणे सांगत होतो. नंतर सोडून दिलं. माणसाला खुर्चीत बसवून, डोळ्यावर काच सरकवून "खालची ओळ वाचा" असं म्हणणाऱ्याला डॉक्टर नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो मला पटला होता.

समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे. त्याच्याखाली, डावीकडून उजवीकडे, एका ओळीत अकरा पक्षी. ही कॅलेंडरची चित्रं नव्हेत. दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत दगडावरून छापलेली आणि मग एक एक कागद हाताने रंगवलेली ही चित्रं आहेत. रंगवण्याची पद्धत मी वाचली तेव्हा मला रोमांच उभे राहिले होते. लांब टेबलाशी बायका ओळीने बसायच्या. एकीकडे फक्त निळा, दुसरीकडे फक्त तांबडा, आणि कागद पुढे सरकत जायचा. सगळ्यात शेवटची बाई डोळा करायची. बुबुळ भरायचं, आणि त्यावर पातळ डिंकाचा एक थेंब, म्हणजे डोळा ओला दिसतो. चित्र तिरकं धरलं की बाकीचा पक्षी कागदासारखा मख्ख राहतो आणि डोळा तेवढा चमकतो. या थेंबासाठी मी चार वर्षं पैसे उडवले.

लिलाव म्हटलं की आमच्याकडे लोकांना मिरची आठवते, नाहीतर वनखात्याच्या डेपोतलं सागवान. माझा लिलाव फोनवर चालायचा. मुंबईत कुठेतरी थंड खोलीत एक गृहस्थ हातोडी घेऊन उभा, आणि इथे मी, एका हाताने गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर काचा बदलतोय, दुसऱ्या हातात फोन. "आता बरं दिसतं की मघाशी?" असं विचारताना अंगठ्याने बोली वाढवायची. एकदा एका गुरुजींनी "मघाशी" म्हटलं आणि मी घाईत पुन्हा बटण दाबलं. नीलपंख मला त्या एका 'मघाशी'पायी बराच महाग पडला. गुरुजींचा नंबर मात्र बरोबर निघाला.

पिंगळा आला तो दिवस निराळा होता. बाकीचे दहा पक्षी मी भांडून घेतले होते. पिंगळ्याचा नंबर पुकारला आणि पडद्यावर शांतता. हातोडीवाल्याने तीनदा विचारलं. कुणीच बोली लावेना. घुबडाच्या जातीचं पाखरू घरात टांगायला कोण घेईल? मी एकदाच बटण दाबलं आणि हातोडी पडली. त्यानंतर त्यांच्या कचेरीतून एका बाईंचा फोन आला. पत्ता नीट लिहून घेतला, आणि ठेवताना हळूच म्हणाल्या, "सर, हा लॉट तीन वेळा परत आलाय आमच्याकडे. तुम्ही नक्की ठेवणार ना?"

मी आनंदाने हो म्हटलं. असल्या गोष्टीचा मला आनंदच होतो, हा माझा दोष.

आता आई. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमच्याकडे राहते. दुपारी जेवण झालं की ती जिन्याने खाली येते, ओळीच्या उजव्या टोकाला पिंगळ्याखाली ठेवलेल्या खुर्चीत बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करते. तिचा उजवा डोळा काचबिंदूने गेला त्याला दहा वर्षं झाली. चष्मेवाल्याच्या आईचा डोळा चष्मेवाल्याच्या डोळ्यांदेखत गेला, ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगत नाही. राहिलेल्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. मी म्हणत होतो काढू, ती म्हणत होती थंडी पडू दे. आमच्याकडे सगळेच म्हणतात, मोतीबिंदू थंडीत काढावा.

पक्ष्यांवर तिचा जीव होता. रोज दुपारी ती पदराच्या टोकाने अकराही काचा पुसायची. दिसायचं कमी, म्हणून नाक काचेला टेकवून. पक्षी सगळे आडवे काढलेले, म्हणजे प्रत्येकाचा एकच डोळा आपल्याकडे. फक्त पिंगळा समोर तोंड करून बसलेला, दोन्ही डोळे उघडे.

"हाई सगया मन्हासारखा शेतस," ती म्हणायची, "एक डोयाना. हाऊ एकलाच साहेब शे."

पावसाळा संपत आला होता. एका दुपारी ती पहिल्याच चित्रासमोर, हळद्यासमोर, बराच वेळ थांबली.

"हळद्याना डोया कोठे गया?"

मी काउंटरवरून हसलो. "आई, तुझा चष्मा पुस."

"तू उठी देख."

मी उठलो. हळद्या होता तसाच होता. पिवळा, काळ्या पंखांचा, चोच किंचित उघडी. डोळ्याच्या जागी मोहरीएवढा पांढरा कागद. आजूबाजूचं एक पीसही विस्कटलेलं नव्हतं. वर काच, मागे पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कडेने चिकटवलेला कागद, सगळं जसंच्या तसं. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. तुम्हाला सांगतो, डोळा नसलेला पक्षी आंधळा दिसत नाही. तिथे भोक पडल्यासारखं दिसतं, आणि भोकातून पलीकडचं कुणीतरी बघतंय असं वाटतं.

आठ-दहा दिवसांनी दुसरा गेला. नीलपंख. मग खंड्या. मग तांबट. मी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी सगळ्यांचे फोटो काढायला लागलो. जायचा तो फक्त डोळा, बाकी काही नाही. आणि जायचा तो ओळीने. डावीकडून उजवीकडे, एकही पक्षी न सोडता, आईच्या खुर्चीच्या दिशेने.

मी घाबरलो का? खरं सांगायचं तर आधी मला गंमत वाटली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दुकानात काहीतरी घडत होतं. मी गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचो, आवाज खाली आणायचो. एक शेतकरी रनाळ्याहून आला होता, त्याने तक्ता वाचता वाचता खाली पाहिलं आणि म्हणाला, "डॉक्टर, पहिले तुम्हना पाखरसना नंबर काढा, मंग मन्हा." दुकानातली चार माणसं हसली. मीही हसलो. आई हसली नाही.

सहावा गेला त्या दुपारी वीज गेली होती. पंखा थांबला की दुकानात जी शांतता होते ती मला आवडत नाही. रस्त्यावर कुणी नव्हतं. आई डोळे मिटून बसली होती. मला वाटलं झोपली.

"ऐक," ती म्हणाली.

मी कान दिला. भिंतीतून येत होता आवाज. अगदी बारीक. नखाने कोरा कागद हळूहळू खरवडावा तसा. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

"आत कोनी तरी लिखी ऱ्हायनं," आई म्हणाली.

वीज आली, पंखा फिरायला लागला आणि आवाज बुडाला. त्या दिवसापासून मी रंगवून सांगणं बंद केलं.

त्याच महिन्यात तिला धुळ्याला नेऊन दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी, म्हणजे खऱ्या डॉक्टरांनी, डाव्या डोळ्यात बॅटरी मारली आणि मला बाजूला घेतलं. मोतीबिंदू पिकून फुगला होता. आत दाब वाढायला लागला होता. "उजव्याचं काय झालं ते तुम्ही पाहिलंय," ते म्हणाले, "ही तारीख चुकवू नका." सारंगखेड्याची यात्रा चालू असतानाची तारीख पडली. आई गाडीत बोटांवर काहीतरी मोजत होती. घर आल्यावर म्हणाली, "कितला ऱ्हायनात?"

"काय किती?"

"पाखरं. डोयावाला."

चार उरले होते. मी म्हटलं, त्यांचा तुझ्या डोळ्याशी काय संबंध? ती म्हणाली, "मी कोठे म्हनस संबंध शे? मी मोजी ऱ्हायनू." हे बोलणं मला जास्त लागलं. ती देवभोळी बाई नाही. आयुष्यभर तिने अंगारे-धुपारे करणाऱ्यांची टिंगल केली आहे. पण ती मोजत होती.

तारखेच्या दोन दिवस आधी फक्त पिंगळा राहिला होता. त्या सकाळी धडगावकडचा एक माणूस चष्म्याची दांडी बसवायला आला. ऊसतोडीला गुजरातेत निघाला होता, बायको आणि बोचकी बाहेर रिक्षात बसलेली. मी स्क्रू बसवत होतो तोवर तो भिंतीसमोर उभा राहिला. सगळे पक्षी त्याने ओळखले, त्याच्या भाषेतल्या नावांनी. मग मान तिरकी करून पिंगळ्याकडे पाहिलं, आणि त्या दहांकडे.

"ह्याचा डोळा चमकतो तो डिंक हाय," तो म्हणाला. "आम्ही उन्हाळ्यात काढतो ना, धावड्याचा, सालईचा. तसाच. बाकीच्यांचा खाल्ला."

"कुणी खाल्ला?"

"ज्याला भूक त्याने."

त्याने दांडी बसवलेला चष्मा घातला, पैसे दिले आणि गेला. जाताना आईची खुर्ची त्याने दोन हात बाजूला सरकवून ठेवली. का, ते सांगितलं नाही. 

आणि मला समजलं. समजलं ते माझंच कर्तृत्व होतं.

चित्रांच्या चौकटी बनवतात ते आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेले चाचा. त्यांचे आजोबाही इथेच आरसे आणि तसबिरी मढवायचे. चित्र पुठ्ठ्यावर बसवायला ते मैद्याची खळ शिजवतात आणि खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात. तांब्याचे निळे खडे, विषारी. त्याने कीड लागत नाही. उन्हाळ्यात मी माझे अकरा कागद घेऊन गेलो तेव्हा मीच त्यांचा हात धरला होता. मी कुठेतरी वाचलं होतं की तांब्याने जुने रंग काळवंडतात. "चाचा, शुद्ध खळ. विष नको." चाचांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं होतं आणि मग म्हणाले होते, "डॉक्टर, माल तुम्हारा है."

मी त्यांच्याकडे धावलो. दुकानाला कुलूप. यात्रेचे पंधरा दिवस ते सारंगखेड्याला आरशांचं दुकान लावतात, हे मी विसरलो होतो. परत आलो तर आई पिंगळ्यासमोर उभी होती, नाक काचेला लावून. वळली नाही.

"एक गया," ती म्हणाली.

पिंगळ्याचा एक डोळा पिवळा आणि ओला होता. दुसऱ्या जागी पांढरा ठिपका.

मी घाईघाईने सगळं सांगितलं. डिंक, खळ, मोरचूद, कीड. तिने ऐकून घेतलं. मग शांतपणे खुर्चीत बसली, त्या माणसाने सरकवलेल्या जागीच.

"तुन्हं खरं व्हई. पन हाऊबी आते मन्हासारखा व्हयना. दोन व्हतात, एक गया. जो शे तो मी त्या टेबलवर नेऊ नही."

"आई, नाही नेला तर तो जाईल."

"जाई तर घरमा जाई."

मी ओरडलो, विनवलं, बायकोला वरून बोलावलं. तिने आईची पिशवी भरून ठेवली होती ती तशीच हातात घेऊन ती जिन्यात उभी राहिली. शेवटी मी खोटं बोललो. म्हटलं, काच आतून धुरकटली आहे, डोळा खालीच असेल, चाचांकडून साफ करून आणतो. आईने तोंड माझ्याकडे केलं. तिला माझा चेहरा दिसत नव्हता हे मला माहीत होतं, तरी मी नजर चुकवली.

"आन मंग," ती म्हणाली. "जावाना दिन सकायले देखसू. डोया व्हई तर जासू."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पिंगळा टॉवेलात गुंडाळला आणि मोटारसायकलवर बायकोच्या मांडीवर ठेवून सारंगखेडा गाठलं. यात्रेत हजारभर घोडे असावेत. धूळ, ढोल, लगामांचे आवाज. आम्ही घोड्यांच्या दावणीमधून चालत होतो आणि एक पांढरी घोडी आमच्या बाजूने कान मागे टाकून सरकली. मग तिच्या शेजारची. टॉवेल बंद होता. बायको म्हणाली, "चला लवकर." मी टॉवेल घट्ट आवळला आणि पावलं उचलली.

चाचा दुकानामागे बाजेवर चहा पीत होते. मी चौकट त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी मागचा कागद चिरला, पुठ्ठा उचलला, आणि खळीच्या रेषेवरून एक चकचकीत, चपटा, रुपेरी किडा झरकन चित्रावर आला. तो सरळ उरलेल्या डोळ्याकडे निघाला होता. चाचांनी अंगठ्याने त्याला बाजेच्या दोरीवर चिरडला.

"कसर," ते म्हणाले. "बिना मोरचूद की खळ माने इनकी शादी का घर. रोज जेवण. पर गोड तो गोड होता है, डॉक्टर. आँख का डिंक इनकी मिठाई."

"ओळीने कसे खात गेले?"

चाचांनी खांदे उडवले. "सब चौकट एक पट्टी पे ठोकी ना तुमने? रस्ता बन गया. पर एक बात है. मैंने पचास साल में आधी खाई हुई तस्वीरें देखीं. सिर्फ आँख खानेवाली नहीं देखी."

मग मी त्यांना सांगितलं मला काय करायचं आहे. चाचांनी कप खाली ठेवला. जुन्या चित्राला नवा रंग लावणं म्हणजे आमच्या छंदात देवाच्या मूर्तीला प्लास्टिकचं नाक बसवणं. असलं चित्र लिलावात मिळालं तर मी स्वतः परत पाठवलं असतं. मी कधी या कागदांना उघड्या बोटांनी हात लावला नव्हता.

पिवळा रंग चाचांकडे होता, चौकटींच्या खरचटलेल्या कडांसाठी. बुबुळासाठी बायकोने शेजारच्या पालावरून काजळाची डबी आणली. धावड्याचा डिंक यात्रेत लाडवांसाठी ढिगाने मिळतो. तो कोमट पाण्यात भिजवला, आणि चाचांनी न विचारता त्यात मोरचुदाचा एक कण सोडला. मी चष्म्याचे स्क्रू फिरवायचा सगळ्यात बारीक पेचकस खिशातून काढला आणि बाजेवर वाकलो. पाच-सहा माणसं जमली. एका घोडेवाल्याने विचारलं, "पाखराना भाव काय?" चाचा म्हणाले, "तुम्हना घोडाथून जास्त. चूप ऱ्हा."

 पिवळा, मग काळा, मग थेंब. थेंब पडला आणि पिंगळा एकदम जिवंत झाला, इतका की मी मागे सरकलो.  लोक आपोआप पांगले.

दुसऱ्या सकाळी, निघायच्या आधी, आईने पदराने काच पुसली. नाक टेकवलं. बराच वेळ.  ती डावा डोळा पुढे करून आधी एका बुबुळाकडे, मग दुसऱ्याकडे बघत होती. शेवटी पदर खोचला आणि म्हणाली, "चाल."

धुळ्याला सगळं नीट झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवसांनी आला असतात तर मी हात लावला नसता. दरम्यान चाचांनी दहाही चौकटी उघडून, खरवडून, मोरचुदाच्या खळीने पुन्हा बसवल्या. दहांचे डोळे मी केले नाहीत. त्यांचे पांढरे ठिपके आहेत तसे आहेत.

महिनाभराने, काळा गॉगल काढून टाकल्यावर, आई दुपारी खाली आली. भिंतीसमोर पाच हात लांब उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिने ते पक्षी एका नजरेत पाहिले.

"इतला ल्हाना शेतस?" ती म्हणाली. तिला ते नाकाला लावूनच माहीत होते. मग ती पिंगळ्याकडे वळली.

"डोया झकास बसाडा तू."

मी काउंटरवरच्या काचा लावायला घेतल्या.

"तुले काय वाटनं, माले समजनं नही? एक सोनासारखा जुना, एक हळदसारखा पिवया. आंधयाले बी समजी."

"मग आलीस कशी?"

"त्या कागदले तू आजलग वारा लागू दिन्हा नही. त्यानावर तू काजय लायं, मन्हासाठे. मंग मी कशी नही जाऊ?" तिने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि खुर्चीत बसली. जरा वेळाने म्हणाली, "पन एक शे. हाऊ मन्हाकडे देखस नही."

"मग कुणाकडे?"

"तुन्हाकडे."

मी हसलो. मी समजावून सांगितलं की थेंब टाकताना मी ज्या बाजूला बसलो होतो, त्या बाजूची चमक त्यात उतरली असणार. रंगकामातली साधी चूक. मग मी माझं बसायचं टेबल खिडकीकडे नेलं. नंतर दाराशी. गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा जागा बदलली. आता गिऱ्हाइकाला खालची ओळ वाचायला सांगताना मी भिंतीकडे पाठ करून उभा राहतो.

आई वर्तमानपत्र वाचत असते, बारीक टायपातल्या जाहिरातीसुद्धा. मी फार वेळ गप्प राहिलो की ती पान उलटते, चष्म्यावरून पिंगळ्याकडे एकदा पाहते आणि मला सांगते, "अजून देखी ऱ्हायना."